वरच्या शेताचं पाणी

वाडी, चाकणजवळ
१९ नोव्हेंबर २०२४

दादा, तुझ्या पाया पडते.

फोन केला की वहिनी उचलती. माझं बोलनं ती तुला हातवारे करून सांगती, तुझं मला सांगती, आन् मधी कितीतरी सांडून जातं. कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसच्या धडधडीनं तुझे कान नेले. आता कानाला मशीन लावलं तरी त्यात शिट्टीच वाजती म्हनतोस. मंग म्हनलं, मी सातवीपातुर शिकले ते कशाला? सुजितच्या लेकीकडनं, स्वरूपाकडनं, वहीचं पान मागून घेतलं. ती म्हनली, "आजी, अभ्यास करती का?" म्हनलं, "व्हय, राहिल्याला."

काल सपनात आपलं गाव आलं. पवना धरनाच्या पान्याखाली समदं जागच्या जागी हुतं. पार, आपली पडवी, चुलीपुढं आई. घरात मासं फिरत हुतं आन् आई त्यांना हाकलत नव्हती. मी म्हनलं, "आई, पानी दे." ती हसली, म्हनली, "कुठलं देऊ?" तेवढ्यात जाग आली. दिवसभर केस वल्ले असल्यावानी वाटत राह्यलं.

पान्याचंच सांगायला बसले. आमच्या विहिरीला काय झालंय कळंना. सकाळची उन्हं आत पडली की पान्यावर मोराच्या मानंचा रंग फिरतो. निळा, जांभळा, मधीच सोनेरी. कुनी तळात पैठनी धुतीया असं वाटतं. बघत बसावं इतकं देखनं हाय, आन् तेच वंगाळ वाटतं. तोंडात घेतलं तर जिभंवर लोखंड ठेवल्यावानी लागतं. म्हस हुंगती आन् मान फिरवती. स्वरूपाच्या हातावर पुरळ उठलंय. सुनबाई, वर्षारानी, म्हनती साबन बदलला म्हनून. सुजित म्हनतो, "पाला कुजला असंल, आई. तू लई विचार करतीस."

सुजितला कंपनीनं कमी केलं ते तुला ठावं हाय. आता त्यानं एका ठेकेदाराकडं टँकरचं काम धरलंय. कंपन्यांना पानी पोचवतो. माझा लेक लोकांना पानी पाजतो, याचं मला लई बरं वाटतं. निगडीकडं येनार हाय म्हनला, म्हनून हे पत्र त्याच्याच हाती देते.

तुझी
गवरा


निगडी, प्राधिकरण
२७ नोव्हेंबर २०२४

गवरे,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळीच्या वर उड्या मारणारं. पत्र वाचताना तुझा आवाज आला. कानात नव्हे, कुठूनतरी आतून. कितीतरी महिन्यांनी मी कुणाचं बोलणं मधल्या माणसाशिवाय ऐकलं.

ऐकू येत नाही म्हणजे काय, ते सांगू का? पाण्याखाली बसल्यासारखं असतं. लोक येतात, तोंड हलवतात, हसतात, आणि सगळं एका जाड, संथ थरापलीकडे चालतं. बाल्कनीत बसलो की खाली चौकात बसगाड्या तरंगत येतात आणि तरंगत जातात. पहिल्यांदा भीती वाटायची. आता सवय झाली. गाव बुडालं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, तू माझं बोट धरून टेकडीवर उभी होतीस. हळूहळू मीही गावाच्या मागोमाग खाली गेलो, असंच आता वाटतं.

आमच्या नळाला पवनेचंच पाणी येतं. सकाळी तांब्या भरताना मी क्षणभर थांबतो. हे आपल्या पडवीवरून आलं असेल, पारावरून आलं असेल. तुझ्या वहिनीला हे वेड वाटतं. ती म्हणते, "प्या आता, चहा निवतोय."

गवरे, तुझ्या विहिरीचा रंग मला आवडला नाही. आमच्या कंपनीतल्या प्रेस शॉपच्या मागे धातूवर मुलामा चढवण्याचं काम चालायचं. तिथल्या गटारावर असाच रंग फिरायचा आणि आम्ही त्याच्या जवळ जात नसू. माझी चूक होत असेल, तशी झाली तर बरंच. तोवर ते पाणी पिऊ नका आणि पोरीला त्यात हात घालू देऊ नकोस. एक बाटली भरून सुजितकडे दे. माझ्या प्रज्वलचा मित्र पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत आहे, तो बघून देईल.

सुजित पत्र देऊन दारातूनच निघाला होता, वहिनीनं ओढून बसवला. तिनं पाणी दिलं. त्यानं पेला हातात धरून बराच वेळ आत पाहिलं आणि मग प्यायला. थकलेला दिसला.

तुझा
दादा


वाडी
२० डिसेंबर २०२४

दादा,

बाटली सुजितच्या हाती धाडली हुती, मिळाली असंल. तू सांगितलंस तवापासून प्यायला पंचायतीचं पानी आनतो. पंचायतीची टाकी बी कधी भरती, कधी न्हाई.

आता गंमत ऐक. आमी बायका कंपनीच्या गेटवर गेलो हुतो! शेजारच्या अंबुबाईची म्हस मेली, त्या दिवसापासून ती पेटलीया. म्हनली, "चला, इचारू तरी." रस्त्यापलीकडं ती नवी कंपनी हाय ना, पांढऱ्या भिंतीची, तिच्यावरच समद्यांचा सौंशय. आमी वीसेक जनी डोईवर पदर घेऊन निघालो. धुकं येवढं की कंपनी दिसंचना. नुसतं वर कुठंतरी दिवं लटकल्यालं. मला वाटलं आपन चालत चालत ढगातच चाललो.

वॉचमननं अडवलं. अंबुबाई म्हनली, "बाजूला हो बाबा, आमी लग्नाला आलोय." मंग आतनं एक साहेब आला. चांगला हुता, नावं कशाला ठेवू. खुर्च्या मागवल्या. म्हनला, "मावशी, आमच्या आवारातून एक थेंब बाहेर सोडत नाही. या, बघा." त्यानं टाक्या दावल्या, पाइप दावलं.

मी म्हनलं, "मंग घान पानी जातं कुठं?"

"टँकरनं जातं, मावशी. ठेकेदार घेऊन जातो. तिकडं केंद्रावर शुद्ध करतात."

तेवढ्यात गेट उघडलं आन् धुक्यातनं एक टँकर बाहेर आला. आमी बाजूला झालो.

मंग घरी आलो.

ज्वारी चांगली आलीया. थंडी लई हाय. वर्षारानीनं तुझ्यासाठी हुलगं निवडून ठेवल्यात. स्वरूपाचा हात बरा हाय.

हे पत्र टपालानं टाकते. सुजितला सध्या येळ नसतो.

गवरा


निगडी
६ जानेवारी २०२५

गवरे,

बाटली मिळाली. प्रज्वलच्या मित्रानं तपासलं. पाणी स्वच्छ आहे म्हणाला, काही दोष नाही. भरताना बाटली बदलली असेल, घाईगडबडीत होतं असं. तू काळजी करू नकोस. पण विहिरीचं पाणी पिऊही नकोस.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गेटपर्यंत तू उड्या मारत गेलीस, आणि टँकर बाहेर आल्यावर एकदम "मंग घरी आलो". लहानपणी तू शाळेत मार खाऊन यायचीस तेव्हा अशीच बोलायचीस. आधी सगळं रंगवून, मग एकदम ज्वारीबद्दल.

इकडे मला रोज एकच स्वप्न पडतं. मी नळ सोडतो आणि पाण्याबरोबर बारीक बारीक वस्तू येतात. मण्याची पोत, मातीचा बैल, कुणाच्या तरी दाराची कडी. मी सगळं ओंजळीत धरतो आणि कुणाचं काय आहे ते ओळखायला बघतो. वहिनी हलवून उठवते. मला ऐकू येत नाही, पण मी झोपेत नावं घेतो म्हणे.

काही सांगायचं असेल तर सांग. माझ्या कानांत काही जात नाही, त्यामुळे तिथून काही बाहेरही पडत नाही.

दादा


वाडी
१७ जानेवारी २०२५

दादा,

तू बी लपवतोस आन् मी बी लपवते. संक्रांत झाली, सनासुदीचं खोटं नको म्हनून थांबले हुते. आता लिवते.

त्या टँकरात सुजित हुता. डायवरच्या शेजारी. काच खाली हुती. त्यानं मला बघितलं, मी त्याला बघितलं. मंग त्यानं काच वर केली आन् धुक्यात त्याचं तोंड पुसून गेलं. माझ्या बाजूला अंबुबाई हुती, तिला दिसलं न्हाई. मी बी म्हनलं न्हाई.

तो पानी पोचवत न्हाई, दादा. पानी काढून नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या मागनं वरच्या शेतात गेले. तिथं आमची जुनी बोअर हाय. पानी लागलं न्हाई म्हनून आमच्या मालकांनी तिच्यावर दगूड ठेवला हुता, ते गेल्यावर आमी तिकडं फिरकलो बी न्हाई. दगूड बाजूला हुता. टँकरचा पाइप बोअरीच्या तोंडात घातला हुता. मी तुरीच्या आड उभी हुते. पोटातनं आवाज यावा तसा आवाज येत हुता, ढसाढसा. कुनी लई तान्हेलं असावं आन् त्याला कायबी पाजावं, आन् ते पीत राहावं, असा. सुजित पाठ करून मोबाइल बघत हुता.

वरच्या शेताच्या खालीच विहीर हाय. मला भूगोल येत न्हाई, पर उतार कळतो.

लग्न होऊन आले तवा मी ह्या विहिरीत उडी मारली हुती, सांगितलं हुतं का तुला? नऊवारीसकट. सासू म्हनली हुती, "बुडल्याल्या गावची पोरगी, पान्याला भ्यायची." मी म्हनलं, बघाच. खाली गेले तर पानी येवढं निवळ की तळाचा खडूक दिसत हुता आन् वर गोल आभाळ. मला वर येऊच वाटंना. वाटलं, आपलं गाव हितंच कुठंतरी हाय, अजून जरा खाली गेलं की लागंल.

बाटली बदलली न्हाई, दादा. त्यानं बदलली. तुला बी कळलं हुतं.

घरात कुनी बोलत न्हाई. तो जेवतो, ताटावरनं मान वर करत न्हाई. वर्षारानीला मी सांगितलं न्हाई. लेक माझा हाय आन् विहीर बी माझी हाय. कुनाला धरू? तू थोरला हायेस, सांग.

गवरा


निगडी
२९ जानेवारी २०२५

गवरे,

हो, मला कळलं होतं. मित्र म्हणाला, "काका, हे नळाचं पाणी आहे, क्लोरीन आहे यात." मी तुला खोटं लिहिलं. मला वाटलं, तुला ठाऊक नाही तोवर तुझा लेक तुझ्याजवळ आहे.

काल सुजित आला होता.

वहिनी भाजीला गेली होती. तो माझ्यासमोर बसला आणि खाली मान घालून बोलायला लागला. मी हातानं खूण केली, मला ऐकू येत नाही, लिहून दे. त्यानं मान हलवली आणि बोलतच राहिला. चहा केला असता तर उकळून आटला असता, इतका वेळ. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो, पण मान खाली, काही कळेना. हात हलत होते. मध्येच थांबत होते. एकदा त्यानं हाताचा पंजा उघडून मला दाखवला, तिथे त्याची कातडी सोलवटली होती, लाल. एकदा तो हसला, आणि ते हसणं नव्हतं.

मग त्यानं मान वर केली आणि हळूहळू, मला वाचता येईल असं बोलला, "मामा, तुला ऐकू येत नाही म्हणून सांगितलं."

मी त्याला जवळ घेतलं. एवढा मोठा बाप्या, पण लहानपणी पवनेच्या काठी आणायचीस तेव्हा होता तेवढाच लागला हाताला. तो काय बोलला ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक आहे.

तू विचारतेस, कुणाला धरू. गवरे, मी काय सांगू? शहराला पाणी हवं म्हणून आपलं गाव गेलं, आणि मी त्याच शहरात आलो. ज्या शॉपमध्ये आयुष्य काढलं तिथलंही सांडपाणी कुठं जातं ते मी कधी विचारलं नाही. पोरं मोठी केली, फ्लॅट घेतला. विचारायला सवड नव्हती असं म्हणतो, पण सवड होती.

एवढंच सांगतो. आधी ते ओतणं थांबव. पुढचं पुढे. आणि त्याला सांग, काहीही झालं तरी मामाचं दार उघडं आहे. तुझ्यासाठीही.

दादा


वाडी
११ मार्च २०२५

दादा,

इतके दिवस लिवलं न्हाई. आता बसले.

गेल्या आठवड्यात मी सकाळचीच वरच्या शेतात गेले. भाकरी बांधून नेली, पान्याची बाटली नेली आन् बोअरीच्या तोंडावर बसले. खाली थंडगार लोखंड, वर ऊन. हरभऱ्याचा वास येत हुता. पाखरं बोलत हुती. येवढं शांत की मला तुझी आठवन आली, तुला असंच वाटत असंल म्हनून. डोळा लागला बघ बसल्या बसल्या. सपनात मी बोअरीतनं खाली खाली चालले हुते, जिना असल्यावानी, आन् दोन्ही बाजूला भिंतीतनं पानी पाझरत हुतं, दूध पाझरावं तसं. कुनीतरी म्हनत हुतं, सांभाळून, पाय घसरंल.

टँकरच्या हॉर्ननं जागी झाले. सुजित उतरून आला.

"आई, ऊठ तिथनं."

"बसू दे. ऊन चांगलं हाय."

"डायवर थांबलाय, आई."

"थांबू दे."

तो उकिडवा बसला माझ्यापुढं. म्हनला, "हे लई खोल जातं. आपल्या विहिरीकडं येत न्हाई म्हनले ते."

"मंग बाटली का बदललीस?"

तो मातीत बोट फिरवत राह्यला. मंग म्हनला, "मी न्हाई ओतलं तर दुसरं कुनी ओतंल. बोअरी काय कमी हायेत ह्या पट्ट्यात?"

"ओतंल. पर तो माझ्या पोटचा नसंल."

"आई, काम सुटलं तर खायचं काय?"

"ते मला ठावं न्हाई," म्हनलं. "पर प्यायचं काय ते तू सांग."

डायवर मागनं वरडत हुता. सुजित उठला, कायतरी बोलला त्याच्याशी, आन् टँकर मागं फिरला. मला वाटलं झालं, सुटलो. हसूच आलं. भाकरी सोडली आन् घास तोंडापाशी नेला तर मनात आलं, तो भरल्याला टँकर गेला कुठं? कुनाच्या बोअरीवर गेला? तिथल्या गवराला तर ठावं बी न्हाई.

घास खाली ठेवला, दादा.

संध्याकाळी देवळापुढं मानसं जमत्यात, तिथं गेले आन् समद्यांच्या देखत सांगितलं. म्हनलं, कंपनीवर दगूड मारायच्या आदी माझ्या दारात या. घान पानी त्यांचं हाय, ठेकेदार त्यांचा हाय, पर बोअर माझी हाय आन् ओतनारा माझा लेक हाय. अंबुबाई माझ्या तोंडाकडं बघत राह्यली. मला वाटलं मारंल. ती नुसती म्हनली, "गेटवर तू माझ्या शेजारी उभी हुतीस गं." आन् उठून गेली. त्यापरीस मारलं असतं तर बरं झालं असतं.

सुजित त्याच सांजंला घर सोडून गेला. वर्षारानी भिंतीकडं तोंड करून बसलीया. ठेकेदाराचा फोन लागत न्हाई. तालुक्याचे, प्रदूषन मंडळाचे साहेब येऊन बाटल्या भरून गेले. गावात कुनी आमच्याशी बोलत न्हाई. विहिरीवर गेलं तरी वाटतं ती बी मान फिरवती.

सुजित तुझ्याकडं आला का?

गवरा


निगडी
१८ मार्च २०२५

गवरे,

आला आहे. जिवाची काळजी सोड. बाल्कनीत झोपतो, कमी खातो. मी आणि तो तासन्‌तास शेजारी बसतो. मला ऐकू येत नाही, त्याला बोलायचं नसतं, आमचं छान जमतं.

आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं माझ्याशी बोलायला ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "मामा, आणखी बोअरी आहेत." मी पाटी पुसली नाही, तशीच त्याच्यापुढे धरून ठेवली. मग तो उठून तोंड धुऊन आला आणि प्रज्वलला म्हणाला, मला त्या प्रदूषण मंडळाच्या साहेबांकडे घेऊन चल.

दोघं गेले. सुजितनं कुठल्या कुठल्या गावात कुठे ओतलं ते सगळं सांगितलं, गाडीत बसून जागा दाखवल्या. ठेकेदार सापडला, तळेगावात लपला होता. कंपनीलाही नोटीस गेली आहे. त्यांचा साहेब म्हणतो, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. खरंही असेल. ठाऊक नसणं सोपं असतं, मी ते केलं आहे. सुजितवर गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला, खटला चालेल. वकील प्रज्वलनं बघितला आहे.

तू इकडे ये. वर्षाराणीला, पोरीला घेऊन ये. खोली रिकामी आहे, नळाला पाणी आहे. तिथे मान फिरवलेल्या माणसांत का राहायचं?

वहिनी म्हणते, तिला लिहा, मी वाट बघते. मधलं माणूस म्हणून नव्हे, माझं माझं म्हणून.

दादा


वाडी
२४ मे २०२५

दादा,

येत न्हाई. रागवू नकोस. वहिनीला सांग, तिचं बोलनं मी जपून ठेवलंय.

एक गाव सोडून आले ते पानी वर आलं म्हनून. दुसरं सोडायचं ते पानी नासलं म्हनून? आन् नासवलं आमी, मंग आमीच उठून गेलो तर विहिरीपाशी कोन बसनार? साहेबांनी सांगितलं, निवळायला लई वर्सं लागतील, कदाचित निवळनार बी न्हाई. येवढी वर्सं माझ्यापाशी न्हाईत. पर मी सकाळी जाऊन काठावर बसते. बरं नसल्याल्या मानसाजवळ बसतो तशी. काय करता येत न्हाई, तरी बसतो की आपन.

आता वाटंनं कुनी ना कुनी थांबतं. परवा अंबुबाई आली. बोलली न्हाई, शेजारी बसली. पान्यावरचा रंग बघत हुती. खूप येळानं म्हनली, "दिसायला काय सुंदर हाय गं मेलं." आमी दोघी हसलो. मंग दोघींच्याबी डोळ्यांत पानी आलं.

सुजित परवा घरी आला, तुला ठावं हायच. सगळ्यांच्या देखत भर दुपारी बसमधनं उतरला आन् गावातनं चालत आला. कुनी बोललं न्हाई, कुनी अडवलं बी न्हाई. वर्षारानीनं दार उघडलं आन् आत गेली. त्याला पानी नेऊन दिलं ते तिनंच.

पंचायतीनं ठरवलं हुतं, विहिरीवर पाटी लावायची. लहान पोरं येत्यात, कुनी वाटसरू येतो, त्याला कळाया पायजे. पाटी करून आनायची म्हनून पंधरा दिवस नुसतं बोलनं चाललं हुतं. काल सकाळी सुजित रंगाचा डबा आन् कुंचला घेऊन निघाला. मी इचारलं न्हाई. स्वरूपा त्याच्या मागं गेली, म्हनून मी बी गेले.

तो विहिरीच्या कठड्यापुढं मांडी घालून बसला. आदी दगूड घासून साफ केला. मंग पांढऱ्या रंगानं लिवायला लागला, एकेक अक्षर, शाळंतल्या पोरावानी जीभ बाहेर काढून. बघता बघता मानसं गोळा झाली. अंबुबाई आली, पंचायतीतली आली.

"हे पाणी विषारी आहे. पिऊ नये. जनावरांना पाजू नये."

येवढं झाल्यावर सगळ्यांना वाटलं संपलं. पर त्यानं कुंचला परत डब्यात बुडवला आन् खाली अजून एक ओळ लिवली. स्वरूपा आता जोडाक्षरं वाचती, तिला समदं मोठ्यानं वाचायची सवय. तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं, "हे पाणी मी, सुजित, याने खराब केले."

वाचून झाल्यावर तिनं बापाकडं बघितलं. म्हनली, "पप्पा, हे खरं हाय?"

सुजित म्हनला, "व्हय."

तिनं परत अक्षरांकडं बघितलं. मंग म्हनली, "'खराब'मधला 'ख' नीट आला न्हाई. परत काढ."

त्यानं तो 'ख' परत काढला.

तुझी
गवरा